सरड्याच्या अंड्यांवर एमएस्सी प्रोजेक्ट करायचाय, पिल्लू नर की मादी हे खरंच तापमानावर ठरतं का?

झूलॉजीवाली_जुळेसोलापूर

नमस्कार सगळ्यांना. मी सोलापुरात एमएस्सी झूलॉजी करायलेय, दुसरं वर्ष, आणि प्रोजेक्टचा टॉपिक या महिन्यात फायनल करून द्यायचाय. बॅचमधल्या निम्म्या जणांनी तलावाच्या पाण्याचं टेस्टिंग घेतलंय, सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, हिप्परगा, दरवर्षी तेच चालू असतं आणि मला ते करायचं नाहीये. मला एम्ब्रियॉलॉजी, म्हणजे भ्रूणाचा अभ्यास, मनापासून आवडते. चिक एम्ब्रियोच्या ३३ तास, ४८ तास, ७२ तासांच्या स्लाइड मी प्रॅक्टिकल संपल्यावर पण बघत बसायचे, ७२ तासांच्या स्लाइडमध्ये हृदय वळलेलं, डोळ्याचा कप आणि त्यात भिंग, सगळं इतकं स्पष्ट दिसतं की नजर काढवत नाही.

आता मूळ मुद्दा. आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये सरडे भरपूर आहेत, आपला साधा बागेतला सरडा, कॅलोटिस व्हर्सिकलर. पाऊस सुरू झाला की नरांचे गळे लालभडक होतात, कुंपणाच्या खांबावर बसून मान हलवत असतात आणि माद्या ओल्या जमिनीत अंडी घालतात. एका व्हिडिओत बघितलं की सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याच्या तापमानावर ठरतं. आपल्या सरड्यात पण असंच आहे का? असेल तर सोलापूरच्या उन्हात काय होत असेल? आणि प्रॅक्टिकल प्रश्न म्हणजे ओळखीच्या एकांची हॅचरी आहे, तिथल्या कोंबडीच्या इन्क्युबेटरमध्ये सरड्याची अंडी ठेवली तर चालतील का? कुणी या विषयातलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, गाइड सर म्हणतात आधी वाच आणि मग ये.

धारवाड_रिटर्न

मी मूळचा सोलापूरचाच, बाळीवेस. धारवाडला शिकायला होतो. आपल्याकडच्या फार कमी पोरांना माहिती असतं पण कॅलोटिसच्या पुनरुत्पादनावर आणि भ्रूणावर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात वर्षानुवर्षं काम झालंय, म्हणजे जगातल्या कुणालाही या सरड्याच्या अंड्यांवर लिहायचं असेल तर त्याला सैदापूर आणि शानभाग या तिथल्या संशोधकांचे पेपर वाचावेच लागतात. आणि हे सगळं आपल्यापासून विजापूर, गदग करत एका दिवसात पोचण्याइतकं जवळ आहे. त्यामुळे तू टॉपिक झकास निवडलायस, अजिबात सोडू नकोस.

तापमानाचं सांगतो. ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली १९६६ मध्ये, मादलेन शार्निए नावाच्या फ्रेंच बाई सेनेगलमध्ये डकारला होत्या, त्यांनी अगामा सरड्याची अंडी वेगवेगळ्या तापमानाला ठेवली तर पिल्लांमध्ये नर-माद्यांचं प्रमाण पूर्ण बदललं. हा अगामा म्हणजे आपल्या सरड्याच्याच कुळातला बरं का. पेपर फ्रेंचमध्ये होता, बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग १९८२ मध्ये मार्क फर्ग्युसन आणि टेड जोआनेन यांनी अमेरिकेत लुइझियानाच्या दलदलीतल्या मगरीसारख्या अ‍ॅलिगेटरवर काम करून नेचर या नियतकालिकात छापलं की ३० अंश किंवा त्याखाली सगळ्या माद्या, ३४ किंवा त्यावर सगळे नर. त्यानंतर मात्र या विषयाला जोर आला. आपल्या मगरीचं पण झालंय, मद्रास क्रोकोडाइल बँकेत लँग, अँड्र्यूज आणि व्हिटेकर यांनी, १९८९ चा पेपर आहे. मगरीत २८ ते ३१ ला सगळ्या माद्या, ३२.५ ला सगळे नर, आणि ३३ ला गेलं की परत माद्या दिसायला लागतात. म्हणजे अर्ध्या-एक अंशात अख्खं घरटं बदलतं. कासवांमध्ये साधारण उलटं, थंड वाळूत नर आणि गरम वाळूत माद्या. आपल्या कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडलेची अंडी जपतात तिथेही हाच नियम लागू.

हे ठरतं कधी तेही महत्त्वाचं आहे. अंड्यातल्या एकूण काळाचे तीन भाग केले तर साधारण मधल्या भागात. त्या वेळी भ्रूणाची जननग्रंथी तयार झालेली असते पण ती वृषण होणार की अंडाशय हे ठरलेलं नसतं. तापमान कुठल्या जीनला हात घालतं हे अगदी अलीकडे कळायला लागलंय, २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलं होतं की लाल कानाच्या कासवात, तेच जे फिश टँकवाले विकतात, २६ अंशाला एक विशिष्ट जीन जोरात चालतो आणि तो दाबला तर नर होणारी बहुतेक पिल्लं माद्या होतात.

आता तुझा खरा प्रश्न, आपला सरडा. इथे थांबून नीट वाच. १९९५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या गणेश आणि रामन यांचा पेपर आला, त्यात त्यांचं म्हणणं की कॅलोटिसमध्ये वेगळी ओळखू येतील अशी सेक्स क्रोमोसोम नाहीत, अंड्याला टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन दिलं तर लिंग बदलतं, पण तापमानाने बदलत नाही आणि इस्ट्राडायोल या मादीच्या हार्मोननेही नाही. आणि २०१२ मध्ये इनामदार दोड्डमणी आणि सहकाऱ्यांचा पेपर आला की याच सरड्यात तापमानाने ठरतं, आणि तेही अजब क्रमाने, तापमान वाढवत नेलं तर आधी माद्या, मग नर, मग परत माद्या, मग परत नर. असा तीनदा पलटणारा नमुना त्याआधी कुणी सांगितला नव्हता. म्हणजे प्राणी तोच, देश तोच आणि दोन पेपर एकमेकांच्या विरुद्ध. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत, "सरपटणारे प्राणी" म्हणून सगळ्यांना एकाच ओळीत बसवतात. तुझ्या प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत हे दोन्ही पेपर समोरासमोर ठेव, तेवढ्यानेच गाइड खूश होतील.

सर्पमित्र_अक्कलकोटरोड

हॅचरीचा विचार पहिला डोक्यातून काढून टाका ताई. कोंबडीच्या मशीनमध्ये ट्रे आपोआप दर काही वेळाने कलतो, अंडी फिरवली नाहीत तर पिल्लू चिकटतं म्हणून. सापाचं, सरड्याचं, मगरीचं, कासवाचं बरोबर उलटं आहे, फिरवलं की मेलं.

कारण सांगतो, मला एका फॉरेस्टच्या साहेबांनी समजावलं होतं. कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी पांढऱ्याचे पिळलेले दोर असतात, अंडं फोडलं की ते पांढरे गाठीसारखे दिसतात बघा, आम्लेट करताना सगळ्यांनी बघितलेत. त्या दोरांमुळे अंडं कसंही फिरवलं तरी बलक मधोमध राहतो आणि भ्रूण वर येतो. सापाच्या अंड्यात ते दोर नसतातच. भ्रूण वरच्या बाजूला येऊन कवचाच्या आतल्या बाजूला त्याचे पडदे चिकटतात, रक्तवाहिन्या तिथेच पसरतात, श्वास तिथूनच. उलटं केलं तर बलकाचं सगळं वजन त्याच्यावर, पडदे फाटतात.

आम्हाला जुनी घरं पाडताना, वीटभट्टीजवळ धामणीची नाहीतर नागाची अंडी सापडल्याचे फोन येतात. लोक कौतुकाने हातात घेऊन बघतात, टोपलीत कशीही टाकतात आणि मग म्हणतात वाचवा. मी पोचायच्या आधी फोनवरच सांगतो की हात लावू नका. गेलो की पहिलं काम पेन्सिल काढायची आणि प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला बारीक फुली मारायची, पेन नाही मार्कर नाही, शाई आत जाते. नागाची अंडी एकमेकांना चिकटून गोळा झालेला असतो, तो सुटा करायचा नाही. फुली वर ठेवून डब्यात ओलसर कोकोपीट, मुठीत दाबलं तर पाणी गळणार नाही एवढंच ओलं, त्यात अर्धी पुरायची. रात्री टॉर्च लावला की आत लाल शिरा दिसतात, त्या दिसल्या की जिवंत. आणि हे सगळं वनविभागाला कळवून, त्यांच्या सांगण्यावरूनच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडीसुद्धा येतात, घरी मनाने उबवत बसायचं नाही. तुम्ही पण सरड्याच्या अंड्यांना हात लावायच्या आधी कॉलेजकडून लेखी घ्या.

भीमाकाठ_मोहोळ

शेतकरी माणूस आहे, पुस्तकी माहिती नाही. पण सरडीण अंडी घालताना पूर्ण बघितलीय ती सांगतो. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या तिसऱ्या दिवशी बांधावर आली, जिथं माती ओली पण चिखल नाही अशी जागा दोन तीनदा उकरून सोडून दिली, मग एका ठिकाणी पुढच्या पायांनी उकरत गेली आणि मागच्या पायांनी माती मागं लोटत गेली, अर्धी आत शिरली. अंडी घातल्यावर माती ओढून बुजवली आणि तोंडाने ठोकून ठोकून दाबली, इतकी सपाट केली की मी तिथंच उभा होतो तरी नंतर जागा सापडेना. पोट एकदम रिकामं झालेलं, कातडी लोंबायला लागली होती. परत त्या जागेकडं बघितलं पण नाही. एक विचारायचं होतं, पाऊसच नाही आला तर ती काय करते? गेल्या काही वर्षांत आमच्याकडं जूनमधी चार थेंब पडतात आणि मग ऑगस्टपर्यंत आभाळाकडं बघत बसायचं.

सोलापूरी_हैदराबाद

तापमानाचं हे सापांना पण लागू असेल ना? म्हणजे यंदा ऊन जास्त तर नागाच्या माद्या जास्त असं?

धारवाड_रिटर्न

नाही, सापांना नाही. सापांचं लिंग क्रोमोसोमवरच ठरतं, फक्त नागासकट बहुतेक सापांत माणसाच्या उलट आहे, तिथे मादीकडे दोन वेगवेगळे क्रोमोसोम असतात झेड आणि डब्ल्यू, नराकडे दोन सारखे. आणि तुम्ही हैदराबादला राहता तर हे तुमच्या शहराशी जोडलेलं आहे. लालजी सिंह, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे, त्यांनी तरुणपणी सापांच्या क्रोमोसोमवर काम केलं, पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या डब्ल्यू क्रोमोसोमवर पुन्हा पुन्हा येणारा डीएनएचा एक तुकडा त्यांना मिळाला, त्याला बीकेएम म्हणतात. पुढे त्याच तुकड्याचा उपयोग करून त्यांनी भारतात डीएनए फिंगरप्रिंटिंग उभं केलं. कोर्टातल्या पितृत्वाच्या केसेस, खुनाच्या केसेस, त्याची सुरुवात मादी साप कशी ठरते या प्रश्नातून झालीय. मूलभूत संशोधनाचा काय उपयोग असं विचारणाऱ्याला मी हे उदाहरण नेहमी देतो.

फर्ग्युसनचं पण तसंच आहे. तो मुळात टाळूच्या हाडाचा अभ्यास करत होता, बाळाची टाळू फाटलेली का राहते हे बघायला त्याने अ‍ॅलिगेटरचे भ्रूण घेतले कारण मगरींची टाळू आपल्यासारखी पूर्ण बंद असते, आणि पिल्लू अंड्यात असल्याने कवचाला छोटी खिडकी करून ते वाढताना बघता येतं. तिथे त्याच्या लक्षात आलं की भ्रूणावर जखम केली तर ती व्रण न राहता भरते. मग आयुष्याचा मोठा भाग तो व्रण न राहता जखम भरणं यावरच लागला.

आणि भीमाकाठ दादा, तुमचा प्रश्न या अख्ख्या चर्चेतला सगळ्यात भारी आहे, त्याचं उत्तर नीट देतो.

पाऊस नाही आला तर मादी अंडी पोटातच धरून ठेवते. हे धारवाडलाच सिद्ध झालंय. कवच चढलेली अंडी बीजवाहिनीत तयार असतात, पण माती कोरडी असेल तर ती घालत नाही, आठवडे जातात, कधी कधी महिनेही. आणि आतला भ्रूण तोवर काय करतो? तो थोडा पुढे सरकतो आणि एका टप्प्यावर येऊन थांबतो. मरत नाही, फक्त वाढायचा थांबतो. या सरड्याच्या भ्रूणाचे १९७० मध्ये मुथुकरुप्पन आणि सहकाऱ्यांनी ४२ टप्पे आखून दिलेत, पहिल्या पेशीपासून अंड्यातून बाहेर येईपर्यंत, आणि आजही सगळे तेच टप्पे वापरतात, त्यामुळे भ्रूण कुठे थांबला हे नेमकं सांगता येतं. नंतर पाऊस पडून अंडी ओल्या मातीत गेली की तो थांबलेला भ्रूण परत चालू होतो आणि चांगली पिल्लं निघतात.

मातीच लागते कारण या अंड्याचं कवच चिवट कातडीसारखं असतं, ते बाहेरून पाणी शोषतं. अंडं मातीत असताना फुगतं, वजन वाढतं. कोंबडीचं अंडं उबवताना वजन घटतं, याचं वाढतं. मगरीचं कवच मात्र कडक असतं, ते वेगळं प्रकरण. म्हणजे सरडीला घाई करून कोरड्या मातीत अंडी घालणं परवडतच नाही, अंडी सुकून जातील.

झूलॉजीवाली_जुळेसोलापूर

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना मनापासून थँक्यू. सर्पमित्र दादा, मी उद्याच हॅचरीवाल्या काकांना नाही म्हणून सांगते.

पण आता अडचण वाढली असं वाटतंय. अंडी हलवायची नाहीत, परवानगी लागणार, आणि नर-मादी बघायचं तर पिल्लू नुसतं बाहेरून बघून कळत नाही ना? जननग्रंथीचा काप घेऊन स्लाइड करावी लागेल म्हणजे पिल्लू मारावं लागेल, ते मला करायचं नाहीये आणि डिपार्टमेंट करू पण देणार नाही. चार महिन्यात सबमिशन आहे. मग मी यात नेमकं काय करू शकते?

रिटायर्ड_मास्तर_होटगीरोड

मी बरीच वर्षं झूलॉजी शिकवली, आता निवृत्त आहे. मुली, पिल्लू मारायचं नाही हे तू आधीच ठरवलंस ते फार बरं केलंस. युजीसीने २०१४ मध्ये डिसेक्शन थांबवायला सांगितलं तेव्हा आमच्यातले काही जण नाराज होते, मी नव्हतो. जिवंत प्राणी त्याच्या जागेवर बघून जे शिकता येतं ते ट्रेवर पिना टोचून येत नाही.

तू भ्रूणाकडून सुरुवात करतेयस, ती मातीकडून कर. वरच्या सगळ्या उत्तरांमधून एकच गोष्ट निघते की या प्राण्याचा भ्रूण मातीवर सोडून दिलेला आहे, आई उबवत नाही, राखत नाही, तिने निवडलेली जागा हीच तिची एकमेव मदत. लॅबमध्ये बनारसवाल्यांनी काय आणि २०१२ वाल्यांनी काय, अंडी इन्क्युबेटरमध्ये ठरावीक तापमानाला ठेवली. पण जमिनीत तापमान ठरावीक नसतं. आपल्याकडे मे महिन्यात काळ्या मातीच्या वरच्या थरावर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि त्याच मातीचं तापमान वीतभर खाली दिवस-रात्र फारसं हलत नाही. पावसाच्या एका सरीने ते पटकन उतरतं. तर सरडीण जिथे अंडी घालते त्या खोलीवर, ऑगस्ट-सप्टेंबरात, सोलापुरात प्रत्यक्ष किती तापमान असतं? झाडाच्या सावलीत किती, उघड्या प्लॉटमध्ये किती, सिमेंटच्या रस्त्याच्या कडेला किती? हा प्रश्न चार महिन्यात सुटतो आणि याला ना अंडं हलवावं लागतं ना पिल्लू मारावं लागतं.

करायचं असं. तापमान नोंदवणारे छोटे डेटा लॉगर मिळतात, बटणाएवढे, ते दर तासाला आकडा साठवतात. डिपार्टमेंटकडे नसतील तर प्रोब असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घे आणि ठरलेल्या वेळी स्वतः जाऊन रीडिंग घे, पहाटे, दुपारी आणि रात्री, यात आळस चालणार नाही कारण पहाटेचा आकडाच सगळ्यात महत्त्वाचा असतो. जमिनीत दोन वेगवेगळ्या खोलीवर मोज, दोन इंच आणि पाच इंच. जागा चार प्रकारच्या निवड, काळी माती, मुरूम, सावली, ऊन. सोबत पाऊस आणि मातीची ओल. मातीची ओल काढणं सोपं आहे, नमुना ओला असताना वजन करायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा, परत वजन करायचा.

दुसरा भाग निरीक्षणाचा. मोहोळच्या दादांनी जे सांगितलं, ती दोन तीनदा उकरून सोडते, ते सोन्यासारखं निरीक्षण आहे. तिने सोडून दिलेला खड्डा आणि पसंत केलेला खड्डा, दोन्हीतलं तापमान आणि ओल मोज. ती निघून गेल्यावर घरट्याच्या शेजारी प्रोब घाल, घरट्यात नाही. तेवढं लांबून दुर्बिणीने बघ, तू जवळ गेलीस तर ती काम सोडून पळेल. आणि पाऊस लांबला तर त्या दिवसांत पोट फुगलेल्या माद्या किती दिसतात याची पण नोंद ठेव, धारवाडच्या कामाशी ते थेट जुळेल.

भीमाकाठ_मोहोळ

सर, आमच्या बांधावर या की. दोन विहिरींच्या मधल्या बांधाला लई सरडे आहेत आणि आम्ही तिथं फवारणी करत नाही. एका अंगाला काळी माती आणि दुसऱ्या अंगाला मुरमाड आहे. ताईला यायचं असेल तर मैत्रिणीला घेऊन या म्हणावं, घरचे सगळे असतात.

धारवाड_रिटर्न

मास्तरांचा प्लॅन पक्का करून टाक. फक्त एक भर घालतो, अंतिम टेबलमध्ये नुसती सरासरी देऊ नकोस. सरासरी २९ आली तरी एका जागेत ती २८ ते ३० मध्ये हलणारी असू शकते आणि दुसरीत २३ ते ३६, आणि भ्रूणासाठी या दोन पूर्ण वेगळ्या जागा आहेत. रोजचं कमाल, किमान आणि कुठल्या अंशात किती तास गेले हे दे. २०१२ च्या पेपरातल्या नर-मादीच्या पट्ट्यांवर तुझे तास मांडून दाखव, म्हणजे पुढच्या वर्षी कुणाला परवानगी काढून अंड्यांवर काम करायचं असेल तर इन्क्युबेटर कितीला लावायचा हे तुझ्या आकड्यांवरून ठरवता येईल. पेपर मिळत नसतील तर मला इथेच मेसेज कर, कुठे शोधायचे ते सांगतो.

झूलॉजीवाली_जुळेसोलापूर

सर, दादा, हे करतेच. उद्या गाइड सरांना दाखवते. मोहोळचा बांध, आमचा प्लॉट आणि विद्यापीठाच्या कॅम्पसमधली एक सावलीची जागा, अशा तीन जागा धरते, चौथी शोधायलेय. होटगी रोडच्या बाजूला मुरमाची उघडी जागा कुणाला माहिती आहे का, जिथे रोज पहाटे जाऊन रीडिंग घेता येईल?

रिटायर्ड_मास्तर_होटगीरोड

माझ्या घराच्या मागेच आहे. पहाटेचं रीडिंग मी घेऊन ठेवेन, मी पाचला उठलेलाच असतो. थर्मामीटर दोन आण, आणि आधी दोन्ही एकाच बादलीत बुडवून आकडे जुळतात का ते बघू.